गाण्यातला खोकला

त्या शाळेत पहिलीच्या मुलांच्या हाती अर्धं वर्ष पुस्तक देत नसत. आधी कान, मग डोळे, मग हात, अशी तिथली रीत. अक्षर आधी गाण्यातून कानात शिरायचं, तिथे मुरायचं, आणि मुरल्यावरच फळ्यावर उतरायचं. रीत बसवली होती मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी. ती चालायची मात्र पहिलीच्या बाईंच्या गळ्यावर. बाई एक ओळ म्हणायच्या, मुलं मागून म्हणायची. बाई पुन्हा, मुलं पुन्हा. हात धुवायचं गाणं वेगळं, रांगेचं वेगळं, दप्तर भरायचं वेगळं, आणि अक्षरांचं तर एकेकाला एकेक. सगळी बाईंनीच रचलेली. फाटकापाशी उभं राहिलं तरी ऐकू यायची. रस्त्याने जाणारं माणूस घटकाभर थांबायचं आणि म्हणायचं, शाळा असावी तर अशी.

थांबणाऱ्याला गाणं ऐकू यायचं. गळा कुणाला ऐकू येतो?

बाईंचा आवाज जुन्या पायताणासारखा झिजला होता. टाच गेली होती, अंगठा फाटला होता, पण चालत होता, म्हणून बाई चालवत होत्या. सकाळचा पहिला शब्द घशाच्या उंबऱ्यात अडखळायचा. त्याला गरम पाण्याने ढकलून बाहेर काढायचं. मग दुसरा, मग तिसरा. शाळेत पोचेपर्यंत वाट मोकळी व्हायची, आणि दुपारपर्यंत पुन्हा काटे उगवायचे. ओळ ओढता ओढता मधेच दम तुटायचा. तिथे बाई थोडं खाकरायच्या, पुढे जायच्या.

क कपाटाचा, कुलूप त्याला,
किल्ली कुठे, कोण घेऊन गेला?
काऊ म्हणाला, मी नाही बाई,
कुलपाला माझी चोच पुरत नाही.

'किल्ली कुठे' म्हटलं की श्वास संपायचा. खं. मग 'कोण घेऊन गेला'. 'ग गाढवाचा' या गाण्यात तो दोनदा संपायचा.

घरी विसावा मिळावा, तर घरी सासूबाई. त्यांच्या कानांनी केव्हाच सुट्टी घेतली होती. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. चहा हवा का, हे विचारायचं तरी शेजारच्या दोन घरांनी आपापल्या दारातून 'हो' म्हणावं इतक्या मोठ्याने. सासूबाई मात्र धान्य निवडत भिंतीला टेकून बसायच्या आणि आपलंच काहीबाही जुळवून गुणगुणायच्या.

शब्द बाई शब्द, शब्दांनी घर भरलं,
बोलता बोलता, बोलणारीचं काय उरलं?

"आई, हे माझ्यावर आहे का?" बाई एकदा ओरडून विचारत्या झाल्या.

"कुणावर नाही गं बाई. तोंडाला चाळा," सासूबाई म्हणाल्या, आणि एक खडा उचलून बाजूला टाकला.

बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर काचेचं भुरभुर पीठ आणि यंत्राची घरघर. बोलायला ते मुळातच कंजूष. बायकोचा आवाज बसत चाललाय हे त्यांना दिसत होतं, पण सांगायचं कसं हे कळत नव्हतं. म्हणून रोज सकाळी ते बाईंच्या आधी उठून पाणी तापायला ठेवायचे. त्यांच्या परीने तेच बोलणं.

हिवाळा लागला आणि पहिलीच्या वर्गात खोकल्याची साथ आली.

आधी एका आईची तक्रार आली. पोरगं घरी बसल्या बसल्या खोकतं. मग एका वडिलांची. मग एक आजोबा काठी टेकत थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. "अहो, नात रात्री निजेपर्यंत काहीबाही पुटपुटते आणि खं खं करते. तुमच्या वर्गाला खिडक्या आहेत की नुसती भोकं?" मोठ्या बाई हबकल्या. शाळा म्हणजे काचेचं भांडं, एकदा नाव गेलं की चिकटत नाही. त्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावायला लावले. सफाईच्या मावशींना फरशी दोनदा पुसायला सांगितली. "मी पुसते हो," मावशी म्हणाल्या, "पण खोकला काय फरशीवरून सरपटत येतो?" एका आईने तर लेकराची छाती चोळून चोळून लाल करून टाकली होती.

शेवटी डॉक्टरांना शाळेतच बोलावलं. ते शिक्षकांच्या खोलीत टेबलाशी बसले आणि मुलं रांगेने आत जाऊ लागली. छातीला नळी लावावी, पाठीला लावावी, घशात उजेड टाकून बघावं. घसे कसे, तर धुतलेल्या पेल्यासारखे. पाच-सात मुलं झाली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा समोर उभा होता.

"खोकून दाखव बरं."

"कोणता?" मुलाने विचारलं.

"कोणता म्हणजे? खोकला."

"हो, पण कपाटातला की गाढवातला? गाढवातला दोनदा असतो."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली. "दोन्ही दाखव."

मुलाने हात मागे बांधले, मान वर केली आणि गाणं म्हटलं. किल्ली कुठे, खं, कोण घेऊन गेला. अगदी तालावर. मग गाढव. तिथे दोनदा, दुसरा जरा लांबवून. मागे रांगेत उभी असलेली मुलंही आपसूक म्हणू लागली, आणि सगळ्यांचा खोकला एकाच जागी, एकाच वेळी, ढोलकीवर थाप पडावी तसा पडला.

"आणि गाणं नसताना येतो का रे खोकला?"

मुलाने डॉक्टरांकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "गाणं नसताना कशाला खोकायचं?"

पुढची तुकडी घेऊन आलेल्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आपल्या अंगावरचं फाटकं लुगडं दुसऱ्याच्या अंगावर बघावं आणि तेव्हा कळावं किती फाटलंय, तसं झालं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तो खोकला आपण झाकतो. मुलांनी तो मन लावून पाठ केला होता. बाई म्हणतील तसंच म्हणायचं, ही तर शाळेची रीत. बाईंना हसू आलं, आणि हसताना खरा खोकला आला, तो थांबेचना.

डॉक्टर म्हणाले, "मुलांचं झालं. आता तुम्ही बसा."

मोठ्या दवाखान्यात नळीने आत पाहिलं तेव्हा आवाजाच्या पडद्यांवर गाठी दिसल्या. वाईट नव्हत्या, पण खूप दिवसांच्या होत्या. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजही नाही, कुजबुजीने तर जास्तच ताण. आणि त्यानंतर? त्यानंतर बोलायचं बेताबेताने. गाणं मात्र संपलं, असं समजा.

घरी गुपचूप आलेली सून पाहून सासूबाईंनी लेकाला हाक मारली. "हिला काय झालं रे रुसायला? मिठाची गुळणी धरून बसलीय."

"आई, घसा बसलाय तिचा!" यजमान ओरडले. त्या घरात ते पहिल्यांदाच ओरडत होते.

"मग बसू दे की मेल्याला. जन्मभर उभाच होता."

रात्री जेवताना यजमान ताटाकडे बघत म्हणाले, "मला काही हे जमायचं नाही. आता भांडायचं झालं तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागणार." बाईंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली. हात मात्र जरा रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी बाई पाटी घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाईंचा चेहराही उतरलेला होता. त्यांचे केस याच शाळेत पांढरे झाले होते.

"महिनाभर रजा घ्या. पहिलीला नव्या बाईंना बसवते. त्यांना गाणी येतात," त्या म्हणाल्या. "आणि मग परत आलात की... पुस्तकांची खोली रिकामी आहे. कुणीतरी लागतंच तिथे. शांत आहे."

पुस्तकांची खोली जिन्याखाली होती. तिथे मुलं वर्षातून एकदा यायची, आणि तेही पुस्तकं परत करायला. बाईंना ती खोली डोळ्यांपुढे दिसली. कडी, अंधार, वाळवीच्या औषधाचा वास, आणि मधे आपण. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. स्वयंपाक बेताचा, शिवण त्याहून बेताचं. समोर बसलेलं लहान पोर आणि त्याच्यापुढे आपण, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, वर्गात बसते. गप्प बसते. पण वर्गात.

"अहो, पण आपली रीतच कानांची! गप्प बाई काय शिकवणार?"

बाईंनी पाटीवरचं पुसलं नाही. तशीच धरून ठेवली.

मोठ्या बाईंनी पाटी पुन्हा वाचली. "बरं. शनिवारी मी वर्गात येईन. मुलं नेहमीसारखी म्हणाली, गाणं फाटकापर्यंत गेलं, तर वर्ग तुमचा. नव्या बाई मधूनमधून आवाज देतील. नाही जमलं, तर किल्ली घ्या त्या खोलीची. माझाही नाइलाज आहे हो. लोक ते गाणं ऐकून मुलं घालतात इथे."

बाहेर नव्या बाई उभ्याच होत्या. शेजारच्या वर्गाच्या, कोवळ्या, सारख्या बोलणाऱ्या. त्यांनी बाईंचा हात धरला. "ताई, शप्पथ सांगते, मला नकोय तुमचा वर्ग. गाणी येतात, ती भिंतीतून ऐकून. माझी मुलं तर माझं सोडून तुमचंच म्हणतात. मी एकदा रागावले, तर एक म्हणतो, बाई, तुमचं गाणं पचपचीत आहे." बाईंनी त्यांच्या गालाला हात लावला. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं बोलणंही उचलून घ्यावं लागतं, आणि तेही त्या दिवशी जड वाटलं.

सोमवारी वर्गात बाजार भरला. बाई बोलत नाहीत म्हटल्यावर मुलांना आधी गंमत वाटली, मग भीती, मग पुन्हा गंमत. एकीने विचारलं, "बाई, तुमची जीभ मांजराने नेली?" एकजण म्हणाला, "वेडी, मांजर उंदीर नेतं." यावरून दोघांची जुंपली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, फळ्यावर बोटं आपटली. रांग लावायची तर रांगेचं गाणं नव्हतं, म्हणून रांगच नव्हती. गाण्यावाचून कसं हलायचं हे पोरांना ठाऊकच नव्हतं. हात धुवायला गेली ती नळाखाली हात धरून उभीच राहिली. थांबायचं केव्हा, ते गाण्यात होतं.

संध्याकाळी बाई घरी आल्या आणि पायातल्या चपलाही न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. न बोलता माणूस इतकं दमतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मंगळवारी त्यांनी नुसता हात वर केला आणि ओठांनी 'क' धरला. पुढच्या बाकावरून कुणीतरी सूर उचलला. मग दुसऱ्याने. गाणं लंगडत लंगडत उभं राहिलं, भिंत धरून चालू लागलं. बुधवारपर्यंत त्याला पाय फुटले. खोकलाही आपल्या जागी होता. तो काढायचा कसा, हे बाईंना हाताने सांगता येईना, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

बाईंचा जीव थोडा खाली आला. गाणं चाललंय म्हटल्यावर हात मोकळे झाले, आणि त्या बाकांमधून चालू लागल्या. आजवर त्या फळ्याशी उभ्या राहून गात आल्या होत्या. समोर उघडी तोंडं दिसायची. आपल्याच आवाजाच्या पुरात त्या उभ्या, काठावरचं त्यांना ऐकू येणार कसं? आता पूर ओसरला होता. एकेका बाकापाशी एकेक बारीक आवाज. कुणाचा नाकातून, कुणाचा घाईचा, कुणी 'कुलूप'च्या जागी काहीतरी भलतंच ठोकून देत होतं, पण तालात. त्या वाकून वाकून ऐकत होत्या. वर्षाअखेरीला गोधडी उलटी करून टाके बघावेत तसं.

पहिल्या बाकावर, अगदी मधोमध, बासरी बसायची. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वर्गात सगळ्यांत मोठं तोंड उघडणारी हीच. मान डोलतेय, डोळे मिटलेत, ओठ शब्दाशब्दाला बरोबर वळतायत. कुणी पुटपुटलं की बाई म्हणायच्या, "तोंड उघडा रे, बघा बासरी कशी म्हणते!" मोठ्या बाई कुणा पाहुण्याला घेऊन आल्या की बोट बासरीकडेच जायचं.

बाई तिच्यापाशी वाकल्या. कान तिच्या तोंडाशी नेला.

काही नाही.

ऊनसा श्वास तेवढा. ओठ म्हणत होते 'काऊ म्हणाला', आणि आत सामसूम. बाईंना वाटलं आपल्या कानांनाही सासूबाईंची लागण झाली. त्यांनी दुसरा कान लावला. नुसता श्वास.

"ती म्हणतच नाही बाई," शेजारची मुलगी सहज म्हणाली. "कधीच नाही म्हणत. नुसता मासा करते." आणि तिने तोंडाची उघडझाप करून मासा करून दाखवला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून, जणू उत्तर दिलंच पाहिजे म्हणून, पुढे म्हणाली, "तुम्ही गात होतात ना. मग कसं सांगणार?"

बासरीने ओठ मिटले. खालचा ओठ दाताखाली गेला. बाईंनी घाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे गेल्या, कारण तिथे थांबल्या असत्या तर सगळ्या वर्गाने मान वळवली असती.

गुरुवारी त्यांनी बाक-बाक ऐकला. मासे आणखी होते. कोपऱ्यातले, मागचे, आणि मधलेही. कुणी ओळीचा शेवटचाच शब्द पकडत होतं, बाकीचा वेळ हवा. एकाला खोकला तेवढा येत होता. बाकी गाणं शून्य, पण खोकल्याच्या जागी हजर, वेळेवर, जोरात. इतरवेळी बाई त्यावर मनापासून हसल्या असत्या.

त्या रात्रभर पाय दुखत असल्याचं निमित्त करून जाग्या राहिल्या. गणित सोपं होतं. खणखणीत म्हणणारी दहा-बारा पोरं होती. ती गाणं फाटकापर्यंत नेऊन पोचवणार. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकणार, मान हलवणार. वर्ग आपला. झाकली मूठ. आणि मासे? ते उन्हाळ्यापर्यंत असेच पोहत राहणार, मग दुसरीत जाणार, आणि तिथल्या बाई म्हणणार, हे पोर मठ्ठ आहे. दरवर्षी दुसरीच्या बाई दोन-चार मुलांना असं म्हणायच्याच. पहिलीच्या बाई मग भांडायच्या, "माझ्याकडे तर छान म्हणत होतं!" आता कळलं, छान कोण म्हणत होतं ते.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. मागे नव्या बाई, आणि झाडू हातात तसाच धरून मावशी. बाईंनी हात वर केला. गाणं उठलं, गेलं, कौलांना लागलं, रस्त्यावर पडलं. बाहेर कुणाची तरी सायकल थांबल्याचा आवाज आला. 'खं' सगळ्यांनी मिळून असा काही दिला, की मावशींनी पदर तोंडाला लावला. बासरी डोळे मिटून, मान डोलवून, तोंड भरून म्हणत होती.

"अहो, सुंदर!" मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं. तुमच्याविना तुमचं गाणं चालतंय. हेच तर शिकवणं. वर्ग तुमचा. मी शब्दाची पक्की आहे."

नव्या बाईंनी टाळ्याच पिटल्या.

बाई दमल्या होत्या. त्यांना आता फक्त खुर्चीत बसायचं होतं. कुणीच काही म्हणणार नव्हतं. त्यांनी हात वर केला, मुलांना पुन्हा म्हणा अशी खूण केली, आणि मोठ्या बाईंचं मनगट धरून त्यांना बाकांमधे नेलं.

"काय हो? काय दाखवताय?"

बाईंनी त्यांना खाली वाकवलं. एका तोंडापाशी. मग पुढच्या. मोठ्या बाईंना आधी कळेना. वाकताना त्यांची कंबर कळ मारत होती, तरी त्या वाकल्या. तिसऱ्या मुलापाशी हसू मावळलं. चौथ्यापाशी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बासरीपाशी बाईंनी त्यांना नेलं नाही. बासरीने एक डोळा किलकिला करून पाहिलं होतं, आणि तेवढं बाईंना पुरलं.

मोठ्या बाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. गुडघे हनुवटीला लागायला आले.

"किती?"

बाईंनी दोन्ही हातांची बोटं पसरली, मग थांबून आणखी काही.

"आणि आधीच्या वर्षी? त्याच्या आधी?"

यावर दाखवायला बोटं नव्हती.

गाणं संपलं होतं. मुलं पुढच्या खुणेची वाट बघत होती. मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वर्ग दिला होता मी तुम्हाला. गप्प बसला असतात, तर चाललं असतं." मग आपणच काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचे खांदे हलू लागले. बाईंचेही. दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या बाया एका चिमुकल्या बाकावर आवाज न करता हसत होत्या, आणि नव्या बाईंना कळेना की पाणी आणावं की काय करावं.

पण हसून काही सुटलं नाही. गाणं बंद करता येत नव्हतं. पालक होते, फाटक होतं, बरीचशी पोरं त्यातून खरोखर शिकत होती. आणि पुढे उभं राहून गाणं चालवायचं, माशांकडेही बघायचं, हे एका माणसाचं काम नव्हतं. शेवटी बाईंनीच पाटी घेतली. लिहिलं, गाणं नव्या बाईंना द्या. मला एकेक मूल द्या. मी ऐकते.

"म्हणजे वर्ग सोडणार तुम्ही?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. बाकं, भिंतीवरची वेडीवाकडी चित्रं, खिडकीतलं ऊन, तोंडं. 'हो' म्हणून मान हलवायला त्यांना वेळ लागला. पण हलवली.

नव्या बाई रडू लागल्या. "ताई, मी सांगितलं होतं ना, मला नकोय म्हणून." बाईंनी त्यांना फळ्यापाशी नेऊन उभं केलं, जिथे उभं राहून आवाज मागच्या भिंतीला लागतो, नेमक्या त्या फरशीवर.

सोमवारी बाईंची खुर्ची व्हरांड्यात आली, पाण्याच्या टाकीशेजारी. समोर एक बुटकं स्टूल. जागा वाऱ्याची होती. मावशींनी न सांगता एक पोतं आणून आडोशाला बांधलं आणि म्हणाल्या, "आता फरशी पुसताना तुमचे पाय उचला हो, नाहीतर तुम्हालाही पुसून काढीन." आतून गाणं येत होतं. नव्या बाईंचा आवाज कोवळा, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. बाईंना वाटलं होतं, ऐकवणार नाही. ऐकवलं. दुखलं, पण दूरचं दुखावं तसं.

बासरीला मावशींनी हाताला धरून आणलं. ती स्टुलावर बसली, पाय लोंबकळत राहिले. तिला वाटलं, गाणं म्हणायचंय. तिने मान वर केली, डोळे मिटले, आणि मासा सुरू केला. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मान हलवली, नको. गाणं नको. आणि मग त्यांनी काहीच केलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. टाकीची तोटी टपटपत होती. आत ककाराचं संपून खकाराचं लागलं. बासरीने टाकीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई ऐकत होत्या. ऐकण्यासारखं अजून काही नव्हतं, तरी.

बऱ्याच वेळाने बासरी म्हणाली, "बाई, माझा बूट चावतो."

आवाज जाडाभरडा होता, घोगरा, एखाद्या बुटक्या म्हाताऱ्यासारखा. त्या चिमण्या तोंडातून तो आला तेव्हा बाई दचकल्या. बासरीच्या ते लक्षात आलं. तिने झटकन तोंडावर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून म्हणाली, "माझा बाबांसारखा आहे. सगळे हसले होते. म्हणून मी नुसतं हलवते."

बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसल्या, बासरीचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडू लागल्या. गाठ ओली होती, घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागणार होता.

"आईने बांधली," बासरी वरून म्हणाली. "आईला घाई असते. दुसरा पण चावतो, पण थोडा कमी. काल तर..."

बाई गाठीत नखं घालून हळूहळू ओढत होत्या, आणि वरून तो घोगरा आवाज चालला होता, काल काय झालं, परवा काय झालं, कुणाचा डबा कुणी नेला, थांबायचं नाव नाही.